शनिवारचा दुसरा घाणा

रावसाहेबांचा आवाज काढायचा तर आधी नाकातून थोडी हवा सोडायची. मग गळ्यातलं ओळखपत्र दोन बोटांत धरून हलवायचं. आणि समोरचा काहीही म्हणाला, अगदी 'आज बुधवार आहे' एवढंच म्हणाला, तरी मान तिरकी करून म्हणायचं, "मला आधीच डाउट होता."

प्रेमला हे इतकं हुबेहूब करायची की जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या बायका डब्यात तोंड घालून खिदळायच्या. एकीला दाराकडे बघत बसायची ड्यूटी असायची. प्रेमला स्वतः मात्र हसायची नाही. तिचं ते हसण्यावारी नेण्याचं प्रकरणच नव्हतं. ती दात धारेला लावून ठेवत होती, एवढंच.

लॅब कामोठ्यात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. खालून तुपाचा वास, वरून फॉर्मॅलिनचा. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे, हे तिचं काम. वीस वर्षं झाली. माहेर पाटणकडचं, डोंगरातलं. बारावीनंतर मामाच्या घरी राहून डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, केलेला, तोही फर्स्ट क्लासमध्ये. तिच्या हातचा काप सुरकुतत नाही की फाटत नाही. डॉक्टर वैजयंतीबाई ठोकळे पाठवताना चिठ्ठीच लावायच्या: 'हे प्रेमलाच कापेल.'

आणि एवढ्या बाईला रावसाहेब चारचौघांत हाक मारायचे, "अहो मावशी!"

दवाखान्यात मावशी कोणाला म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. फरशी पुसणाऱ्या बाईलाही कोणी मावशी म्हटलं तर त्यात वाईट काही नाही. पण रावसाहेब प्रेमलापेक्षा दोन वर्षांनी मोठे. त्यातून ते हाक मारायचे ती बरोबर कोणी पाहुणा, कंपनीचा माणूस, नवा डॉक्टर आला की. "मावशी, जरा स्लाइड दाखवा बरं साहेबांना." साहेब मग प्रेमलाकडे न बघता स्लाइडकडे बघायचे.

पण खरी गाठ नऊ वर्षांपूर्वीची. दोन पेशंटांच्या ठोकळ्यांची अदलाबदल झाली होती. नंबर घातले होते रावसाहेबांनी. त्याच आठवड्यात इन्चार्जची जागा भरायची होती, आणि त्याच आठवड्यात प्रेमलाचा नवरा सिताराम डेंग्यूनं आडवा पडलेला. मालकांसमोर रावसाहेब काय बोलले? "सर, मावशींना घरी टेन्शन आहे. झालं असेल. मी सांभाळून घेतो, आपण बोलू नका त्यांना काही."

एखाद्यावर खोटा आळ घेतला तर तो भांडू तरी शकतो. न केलेल्या चुकीची माफीच देऊन टाकली की त्याचं तोंड शिवलं जातं. मालक प्रेमलाकडे बघून मायेनं हसले. आठ दिवसांनी इन्चार्जची पाटी रावसाहेबांच्या टेबलावर लागली.

तेव्हापासून प्रेमला काप काढताना मेणात कोणाला बघायची ते सांगायला नको. चार-चार मायक्रॉनचा रावसाहेब. आधी नाक, मग ती हलणारी दोन बोटं, मग जीभ. जीभ मात्र तीन मायक्रॉनची, म्हणजे काप जास्त निघतात. सगळे ओळीनं कोमट पाण्यावर सोडायचे आणि एकेकाला सुईनं टोचून बुडवायचं. असा विचार केला की हात अगदी स्थिर चालायचा.

वैजयंतीबाई मात्र तिला शिकवायच्या. त्या दुपारी चारला यायच्या, दोन तास स्लाइडी वाचायच्या आणि वाचता वाचता बोलायच्या. अर्धे शब्द गिळून, पुढचे ढकलून, मधेच 'पुढे?' असं स्वतःलाच विचारत. एकदा प्रेमलानं विचारलं होतं, "मॅडम, ही इनी-वनची टेस्ट बघते तरी काय?"

"अगं, सिडकोची बैठी घरं बघितलीस ना? नकाशा एकच. पण एका घरात दवाखाना, एकात पिठाची गिरणी, एकात शिकवणी. का? तर कुठली खोली उघडी ठेवली नि कुठली बंद, त्यावर. पुढे? पेशींचं तसंच. कातडीच्या पेशीत नि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच. दोन मीटरचा धागा, प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. जिथं रीळ घट्ट, तिथली खोली बंद. सैल, तिथली उघडी. आता हे घट्ट-सैल करणारी एन्झाइमं असतात. एका जातीचं एन्झाइम रिळावर सील ठोकत जातं: ही खोली बंद. दुसरं सील उचकटतं. आणि एक आख्खी टोळी रिळं बाजूला सरकवून वाट करून देते. इनी त्या टोळीतला गडी."

"आणि तो गडी मेला तर?"

"तर सील ठोकणाऱ्याला रान मोकळं! पेशीनं मोठं व्हायचं, आपल्या कामाला लागायचं, त्याच खोल्या तो बंद करतो. पेशी विसरते आपण कोण. कातडी नाही, स्नायू नाही, कोणीच नाही. नुसती वाढत सुटते. गंमत म्हणजे धाग्यात फारशी मोडतोड नसतेच. नुसत्या कुलपांचा कॅन्सर. आता त्या सील ठोकणाऱ्याचाच हात धरायची औषधं शोधतायत जगभर."

प्रेमलाला हे फार पटलं. एका माणसानं येताजाता एकच शिक्का मारत राहायचं, मावशी, मावशी, मावशी, आणि फर्स्ट क्लास डीएमएलटीची खोली बंद पडत जायची, याला तिच्या मते मायक्रोस्कोपची गरज नव्हती.

तर टेस्ट अशी. जिवंत इनी असला की पेशीच्या मध्यावर तपकिरी रंग येतो. नसला की निळं राहतं. एका विशिष्ट कॅन्सरमध्ये गाठीच्या पेशी निळ्या राहतात, पण त्याच तुकड्यातल्या साध्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या भिंती वगैरे, तपकिरी आल्याच पाहिजेत. त्यांचा इनी कुठे जाणार? शिवाय प्रत्येक घाण्यात एक चांगल्या मांसाची स्लाइड सोबत लावायची. तिला कंट्रोल म्हणतात. ती तपकिरी आली तर घाणा जमला. घाणा हा लॅबचाच शब्द; खालच्या मिठाईवाल्याकडून वर आलेला.

मंगळवारी दुपारी तीन वाजता प्रेमला रिपोर्ट गेलेल्या स्लाइडी कपाटात लावत होती. शनिवारी तिची सुट्टी होती, त्या दिवशीचं रंगकाम रावसाहेबांनी केलेलं. सहज म्हणून तिनं एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली. गोजरा नामदेव, वय शेहेचाळीस, राहणार पावणे, उजवा हात. इनी-वन: नाही. रिपोर्ट सोमवारी गेलेला. कॅन्सर.

निळं होतं. गाठ निळी. तिनं स्लाइड सरकवली. रक्तवाहिनी सापडली. तीही निळी. दुसरी रक्तवाहिनी. निळी. कडेच्या साध्यासुध्या पांढऱ्या पेशी, सगळ्या निळ्या.

म्हणजे गाठीतला इनी गेला नव्हता. रंगच चढला नव्हता.

तिनं शनिवारची वही काढली. सकाळचा पहिला घाणा: कंट्रोल आहे. दुसरा घाणा, गोजराबाईंचा: कंट्रोलचा रकाना मोकळा. कचऱ्याच्या पेटीत इनीची बाटली होती, ती पुन्हा हातात घेतली. शुक्रवारी तिनं स्वतः बघितली तेव्हा तळाला दोन थेंब होते. दोन थेंबांत शनिवारी पाच स्लाइडी? पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात, तसं रावसाहेबांनी बाटलीत पाणी वाढवलं होतं. पहिल्या घाण्याला कसाबसा रंग चढला, दुसऱ्याला काहीच नाही. आणि सोमवारी वैजयंतीबाईंनी विचारलं होतं, "कंट्रोल कसाय?" तेव्हा ते काय म्हणाले, हे बाजूला काप काढत बसलेल्या प्रेमलानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

नऊ वर्षं ज्याची वाट बघितली तो बकरा स्वतःहून सुरीखाली मान देऊन उभा होता.

शुक्रवारी दिल्लीहून तपासनीस येणार होते, लॅबची मान्यता पुढे चालू ठेवायची का ते बघायला. मालक, डॉक्टर, सगळे हजर. त्यांच्यासमोर ही स्लाइड ठेवायची. काही बोलायचं नाही. नुसतं म्हणायचं, "साहेब, ह्यात जरा रक्तवाहिनी शोधता का?" रावसाहेब पाटीसकट खाली मिठाईच्या कढईत.

आज सांगितलं तर? आज सांगितलं तर रावसाहेब ती स्लाइड बदलणार, रिपोर्ट गुपचूप फिरवणार, आणि म्हणणार, मला आधीच डाउट होता. नऊ वर्षं पाण्यात. प्रेमलानं स्लाइड रुमालात गुंडाळून आपल्या खणात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. संध्याकाळी घरी तिनं भाकरी अशा काही थापल्या की सिताराम म्हणाला, "काय गं, आज पीठ कुणाचं गाल हाय काय?"

"हाय," ती म्हणाली. "तुम्ही खावा."

बुधवारी सकाळी दहाला काउंटरवर कागद घेऊन एक जोडपं आलं. बाई काळीसावळी, दणकट, उजवा हात पदराखाली. नवरा मागे, हातात स्टीलचा डबा आणि कपड्यांची पिशवी. ठोकळे आणि स्लाइडी न्यायला आले होते. हॉस्पिटलात ते जमा केल्याशिवाय भरती करून घेत नाहीत.

"नाव?" प्रेमलानं विचारलं.

"गोजरा नामदेव. पावन्याची."

प्रेमलाचा पेन थांबला. "भरती कधी?"

"आज संध्याकाली सा वाजता. उद्या सकाली कापतान." बाईनं पदर सारला. उजव्या हाताच्या मधल्या बोटापासून मनगटाच्या वरपर्यंत गाठी चढत गेल्या होत्या, माळेसारख्या. दोन फुटलेल्या. "हितून. कोपराच्या खालून. डाक्टर बोलतान, वर चरतंय, लवकर कापला तं जीव वाचंल. बघ बाय, जल्मभर या हातानं कालवां फोडली. आता डावा हात शिकवाया पायजे. तो मेला आलशी हाय, या मान्सासारका." तिनं नवऱ्याकडे मान उडवली.

नामदेव म्हणाला, "मी काय केला आता?"

"तू काय नाय केला, त्येच तं सांगतंय."

प्रेमलाला हसू आलं नाही. "कालवं फोडता? खाडीतली?"

"मंग काय तलावातली? दगराला धरून बसतान ती. शिंपली लागतेच. यो बोट बघ, याला आखाराच्या म्हयन्यात शिंपला लागला व्हता, तितनाच चालू झाला सगला. आगोदर एक फोर, मंग दुसरा, मंग वर वर."

खाडीतली शिंपली. जखम. मग गाठी वर चढत गेलेल्या. प्रेमला डॉक्टर नव्हती, पण वैजयंतीबाईंच्या शेजारी वीस वर्षं बसलेली होती. समुद्रातले, मत्स्यपेटीतले असे जंतू असतात, त्यांच्या गाठी हुबेहूब या कॅन्सरसारख्या दिसतात, दोन्ही वर चढतात, आणि दोन्हींमधला फरक सांगायला म्हणूनच इनीची टेस्ट लावतात, हे तिनं ऐकलेलं होतं. एकात हात काढायचा. दुसऱ्यात काही महिने गोळ्या.

काल तीन वाजल्यापासून हा हात तिच्या खणात कुलूप लावून ठेवलेला होता.

"बसा इथं," ती म्हणाली. "ठोकळा देत नाही. एक टेस्ट परत लावायची आहे. तीन वाजतील."

"सा ला भरती हाय न?"

"मी सांगते तोवर कुठं जायचं नाही. हा डबा उघडा, जेवा, झोपा, काय करायचं ते करा. पण उठायचं नाही."

तिनं आधी हॉस्पिटलात फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "तुम्ही कोण? टेक्निशियन? तसं चालत नाही मॅम, डॉक्टरांच्या सहीचं लेखी आणा." वैजयंतीबाईंचा फोन बंद, त्या दुसऱ्या लॅबमध्ये असायच्या, चारशिवाय भेटणार नव्हत्या. ठीक. सही चारला मिळेल. मग तोवर सुडालाही वेळ होता. शुक्रवार गेला तर गेला, बुधवारवर भागवू.

नवी बाटली मंगळवारी सकाळीच आली होती. तिनं ठोकळा लावला, दोन काप काढले. शेजारी कंट्रोल, एकच घाणा. रंगाचं काम घाईनं होत नाही. भट्टीत तासभर, उकळी, थंड, मग थेंब, मग वाट. रावसाहेब दोनदा आत डोकावले. "मावशी, काय लावलंय एवढं?" "अर्जंट आहे सर." तीनला तिनं काच मायक्रोस्कोपखाली ठेवली.

तपकिरी. रक्तवाहिन्या तपकिरी, पांढऱ्या पेशी तपकिरी, आणि गाठीच्या पेशी, सगळ्यांच्या सगळ्या, चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी. इनी जागच्या जागी होता. या पेशी आपण कोण ते विसरलेल्याच नव्हत्या. जंतूला घेराव घालून बसलेल्या शहाण्या पेशी होत्या त्या.

तिनं तोंडावर पाणी मारलं आणि जेवढा मध आवाजात घालता येईल तेवढा घालून रावसाहेबांच्या टेबलाशी गेली.

"सर, त्या पावण्याच्या बाईंची इनी मी परत लावली. रंग आला."

ओळखपत्र हलायचं थांबलं. "कोणी सांगितलं लावायला?"

"तुम्हीच की."

"मी?"

"म्हणजे मॅडमना तसं सांगू का, म्हणते मी. चूक सापडली म्हटल्यावर कुणीतरी पकडायला पाहिजे ना. मी पकडली म्हटलं तर त्या म्हणणार, टेक्निशियनला दिसतं ते इन्चार्जला दिसत नाही होय? त्यापेक्षा तुमच्या नावावर राहू दे. मला काय करायचंय नाव."

रावसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. नऊ वर्षांपूर्वी ते जसे मालकांसमोर बोलले होते, अगदी तसा मऊ चेहरा प्रेमलानं केला होता.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही फार समंजस आहात. टीम वर्क म्हणतात ते हेच."

चारला वैजयंतीबाई आल्या. रावसाहेबांनी स्वतः खुर्ची ओढली. "मॅडम, एक सिरियस मॅटर मी कॅच केलंय." दोन्ही स्लाइडी समोर ठेवल्या. जुनी प्रेमलानं आपल्या खणातून काढून दिली होती.

बाईंनी एक बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली. "हे... हे तर आलंय. मग हे काय? अगं, ह्यात तर वेसल्सही कोऱ्यात! मी कशी... घाईत... देवा. तुमच्या कधी लक्षात आलं हे?"

इथं 'आज' म्हटलं असतं तर रावसाहेब वाचले असते. पण सवयीपुढे माणसाचं काय चालतंय. मान तिरकी झाली, दोन बोटं ओळखपत्रावर गेली.

"मॅडम, मला शनिवारीच डाउट होता."

वैजयंतीबाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला.

"शनिवारी?"

"म्हणजे अनुभव म्हणा. बाटली तळाला आली होती, जरासं बफर घालून मी... पण मनात कुठंतरी..."

"तुम्ही पातळ केलीत? आणि सोमवारी मी विचारलं, कंट्रोल कसाय, तेव्हा तुम्ही काय म्हणालात मला?"

रावसाहेबांनी ओळखपत्र सोडून दिलं. उत्तर दारातून आलं. नाकातून थोडी हवा, मग ती ओळखीची सुरावट, एक आकार इकडचा तिकडे नाही:

"फर्स्ट क्लास, मॅडम!"

प्रेमलाच होती. डब्यातल्या डब्यात पुरलेला आवाज नऊ वर्षांनी धन्याच्या तोंडावर वाजला. वैजयंतीबाईंनी वळून बघितलं नाही. त्यांना तो रावसाहेबांचाच वाटला असावा, कारण त्या त्यांच्याकडेच बघत म्हणाल्या, "हो. हेच म्हणालात."

प्रेमलानं चहाचा घोट घ्यावा तसा तो क्षण सावकाश गिळला.

बाईंनी हॉस्पिटलात फोन केला, सुधारलेला रिपोर्ट लिहिला, त्यात कारण लिहिलं, नावासकट. मग रावसाहेबांना म्हणाल्या, "बाहेर बाकावर बसल्यात त्या. तुम्ही जाऊन सांगा. तुमच्या तोंडानं." रावसाहेब गेले. गोजराबाईंनी आधी काही समजून घेतलं नाही, मग घेतलं, आणि मग मिठाईवाल्याची गिऱ्हाइकं वर बघायला लागली. "पानी घातला? मुरद्या, तुझ्या आयवर पानी घालाया ठेवलंस काय? कालवांत पानी घालून इकली आसती तं लोकांनी माना मारला आसता! आन तू मान्साच्या हातात पानी घालतंस?" रावसाहेब 'ताई, ताई' म्हणत होते. गोजराबाई त्यांची ताई व्हायला तयार नव्हत्या. तपासनीस येणार म्हणून शुक्रवारी मालकांनी त्यांना घरीच बसायला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात नावड्याच्या कलेक्शन सेंटरला पाठवलं, सकाळी सहाला लघवीच्या बाटल्या गोळा करायला. प्रेमलाला ती बातमी पेढ्यासारखी गोड लागली.

पण ते नंतरचं. बुधवारी साडेपाचला ती सुधारलेला रिपोर्ट घेऊन बाकापाशी गेली. वैजयंतीबाईंनी सांगितलं होतं, जंतू कुठला ते कळायला आणखी एक तुकडा घ्यावा लागेल, गोळ्या लांबतील, पण हात राहील. प्रेमलानं ते सगळं दोनदा सांगितलं. नामदेव खाली वाकून पिशवीतले कपडे उगाचच पुन्हा घड्या घालत बसला होता. गोजराबाईंनी उजवा हात स्वतःच्या मांडीवर उताणा ठेवला होता, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा.

"बाय," त्या म्हणाल्या, "तू नसतीस तं उद्या या येलंला... तुला कवा समजला ह्यो?"

प्रेमला कागदाकडे बघत होती. इतका वेळ तिनं दुसऱ्याचा आवाज काढला होता. आता स्वतःचा शोधायला लागला.

"आज," ती म्हणाली. "सकाळी, तुम्ही आलात तेव्हा."

"देवानंच तुला धारला आमाला," गोजराबाई म्हणाल्या आणि त्याच गाठाळ हातानं प्रेमलाची बोटं धरली. हात गरम होता. प्रेमलानं तो सोडवून घेतला नाही.